बार्ज जहाजाला बांधताना: दोर आणि फेंडरविषयी थोडं

मुंबई बंदरात नांगरावरच्या जहाजाला इंधन द्यायला बार्ज (इंधन वाहून नेणारी छोटी नौका) येऊन बाजूला लागली की सगळ्यांचं लक्ष होजकडे आणि मीटरकडे असतं. आमचा धंदा दोर पुरवण्याचा आणि फेंडर (जहाज आणि बार्ज एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये लावायची हवा भरलेली रबरी गादी) भाड्याने देण्याचा, त्यामुळे आमची नजर आधी दोरांवर जाते. ग्राहक नेहमी विचारतात त्या गोष्टी इथे एकत्र लिहिल्या आहेत.

जहाज बंदराच्या धक्क्याला बांधलं तर धक्का हलत नाही. इथे मात्र जहाज आणि बार्ज दोन्ही हलतात, आणि सारख्या हलत नाहीत. ज्या लाटेची मोठं जहाज दखलही घेत नाही, त्या लाटेवर बार्ज चांगलीच डुलते. त्यातच इंधन जाऊ लागलं की बार्ज वर येते, जहाज किंचित खाली बसतं, आणि सुरुवातीला नीट ताणलेले दोर सैल पडतात. दोर सैल दिसला की बरं वाटतं, पण तिथेच घात होतो. सैल दोरावर बार्ज मोकळी धावते आणि दोर संपताच झटका बसतो. सावकाश वाढणारा ताण दोर सोसतो, झटका सोसत नाही. म्हणून पंप चालू असेपर्यंत एक माणूस फक्त दोरांवर ठेवा. त्याला चहा जागेवर द्या, दुसरं काम देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे सरमिसळ. नायलॉन भरपूर ताणतो, पॉलिप्रॉपिलीन कमी, आणि एचएमपीई (अतिशय मजबूत प्लॅस्टिक तंतूंचा दोर) जवळपास ताणतच नाही. एकाच दिशेला एक नायलॉन आणि एक पॉलिप्रॉपिलीन लावला, तर कमी ताणणारा दोर सगळा भार घेतो आणि दुसरा नुसता सोबतीला राहतो. एकदा एक ग्राहक तुटलेला नवा पॉलिप्रॉपिलीन घेऊन तावातावाने दुकानात आले. टोक केरसुणीसारखं पिंजलेलं होतं. शेजारचा जुना, मळका नायलॉन मात्र धडधाकट होता. दोर खराब निघाला असं त्यांचं म्हणणं. खरं तर त्या नव्या दोराने एकट्याने दोघांचं ओझं उचललं होतं. एका कामाचे दोर एकाच जातीचे, एकाच जाडीचे आणि साधारण सारख्या लांबीचे हवेत.

दोर तुटला की सरळ रेषेतच मागे येतो असं नाही. फेअरलीडपाशी (दोराला दिशा देणारी डेकच्या कडेची खाच) वळलेला असेल तर आडवा फटकारतो. डेकवर पिवळे पट्टे ओढून बाकीची जागा सुरक्षित मानणं आम्हाला पटत नाही. ताण असताना मूरिंगची, म्हणजे दोर बांधायची, अख्खी जागाच धोक्याची समजा.

फेंडर (आपल्याकडे सरसकट ‘योकोहामा’) जहाजाच्या सपाट कुशीवर आला पाहिजे, पुढच्या-मागच्या गोलाईवर नाही. बार्ज तिरकी येते, म्हणून टोकांना लहान फेंडर वेगळे लागतात. हवेचा दाब मॉडेलप्रमाणे ५० किंवा ८० किलोपास्कल असतो. तो गेजने बघा, लाथ मारून नाही.

आता पाणी. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. ओघ उलटला की नांगरावरचं जहाज फिरतं आणि बांधलेल्या बार्जला घेऊन फिरतं. ज्या स्प्रिंगवर (बार्जला पुढे-मागे सरकू न देणारा दोर) भार होता ती ढिली पडते, दुसरी ताणते. बार्ज लावायची वेळ या फिरण्यात येऊ देऊ नका. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारे तांडेल अजून आहेत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, तरी बंकरिंगला, म्हणजे जहाजात इंधन भरायच्या कामाला, भरती-ओहोटीचं छापील टाइड टेबलच धरा.

दोरांची कागदपत्रंही जपा. १ जानेवारी २०२४ पासून सोलासच्या (समुद्रातल्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) सुधारित नियमांनुसार आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या जहाजांना मूरिंगच्या दोरांची तपासणी करून नोंद ठेवावी लागते. आमच्या प्रत्येक नव्या दोरासोबत प्रमाणपत्र येतं. ते दुकानात विसरून जाऊ नका, तसे चार आमच्या खणात पडून आहेत.

मागणी नोंदवताना एवढं सांगा: जहाज आणि बार्ज दोन्हींची लांबी, पाण्यावरची उंची (भरलेली आणि रिकामी, दोन्ही), किती तास काम चालेल आणि कुठल्या नांगरवाड्यावर (जहाजं नांगर टाकून थांबतात ती जागा). उंची माहीत नसेल तर बार्जचा आणि जहाजाचा फोटो पाठवला तरी चालेल.