ब्रेक्झिटची कोंडी आणि ब्रिटिश जनतेचा वैताग

युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं, म्हणजेच ब्रेक्झिट करायचं, असा कौल ब्रिटनच्या जनतेने २०१६ मध्ये दिला, पण बाहेर पडायचं म्हणजे नक्की कसं यावर तिथल्या पार्लमेंटचं काही केल्या जमेना आणि २०१८ च्या हिवाळ्यापासून २०१९ च्या डिसेंबरपर्यंत हे घोंगडं भिजत पडलं. या काळात लोकांमध्ये जो राग, कंटाळा आणि पार्लमेंटबद्दलचा अविश्वास साठत गेला त्याबद्दलची ही नोंद. आपल्याकडे तेव्हा बातम्यांत पुन्हा मतदान, पुन्हा पराभव एवढंच यायचं, त्यामुळे तिकडचे खासदार नुसता पोरखेळ करत होते असा बऱ्याच जणांचा समज झाला. तसं नव्हतं. कोंडी खरी होती आणि तिचं मूळ खासदारांच्या आळसात नव्हतं, २०१६ च्या मतपत्रिकेवर जे विचारलंच नव्हतं त्यात होतं.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ७२.२ टक्के मतदान झालं, सुमारे १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हटलं आणि १ कोटी ६१ लाख लोकांनी राहू या म्हटलं, म्हणजे ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांना राहायचं होतं. मतपत्रिकेवर पर्याय दोनच, राहा किंवा बाहेर पडा. बाहेर पडून नॉर्वेसारखं युरोपच्या सिंगल मार्केटमध्ये राहायचं, की फक्त कस्टम्स युनियन, म्हणजे सामाईक आयातकराची व्यवस्था, ठेवायची, की सगळंच तोडून करारबिरार न करता निघायचं, हे कुणी विचारलं नाही आणि प्रचारातही धड कुणी सांगितलं नाही. कुणी इमिग्रेशन कमी व्हावं म्हणून मत दिलं, कुणी आपले कायदे आपणच करावेत म्हणून, कुणी लंडनमधल्या लोकांना एकदा धडा शिकवायचा म्हणून. या सगळ्यांची बेरीज ५१.९ टक्के झाली, पण या सगळ्यांना मान्य होईल असा एक करार काही होत नाही.

सार्वमत हरल्यावर डेव्हिड कॅमेरॉन यांनी राजीनामा दिला आणि थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. २९ मार्च २०१७ ला त्यांनी युनियनमधून बाहेर पडण्याच्या कलम ५० ची नोटीस दिली, तिची मुदत दोन वर्षांची, म्हणजे २९ मार्च २०१९ ला ब्रिटन बाहेर. मग लगेच त्यांनी मध्यावधी निवडणूक घेतली आणि असलेलं बहुमत घालवलं. ८ जून २०१७ ला त्यांच्या हुजूर पक्षाला ६५० पैकी ३१७ जागा मिळाल्या आणि ब्रिटनशी घट्ट जोडलेलं राहू पाहणाऱ्या उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवर सरकार उभं राहिलं. पुढचं अर्धं दुखणं इथलं आहे, कारण सगळ्यात अवघड प्रश्न नेमका उत्तर आयर्लंडचाच होता.

आयर्लंड देश युनियनमध्येच राहणार आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर पडणार, मग दोघांमधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर मालाची तपासणी करायची कुठे? ही सीमा शेतांमधून जाते, गावांमधून जाते, दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथे लष्करी चौक्या वगैरे काही राहिलेलं नाही. त्या कराराआधीच्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं गेली होती, त्यामुळे तिथे पुन्हा नाकी उभी करायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून करारात बॅकस्टॉप घातला, म्हणजे दुसरा काही तोडगा निघेपर्यंत अख्खा ब्रिटन युरोपच्या कस्टम्समध्ये राहील आणि उत्तर आयर्लंड त्याहून थोडे जास्त नियम पाळेल. डीयूपीला वाटलं आपल्याला ब्रिटनपासून वेगळं पाडतायत, कट्टर ब्रेक्झिटवाल्यांना वाटलं ही कायमची बेडी आहे, आणि मुळात युनियनमध्येच राहायचं होतं त्यांना वाटलं एवढं सगळं करून शेवटी मिळालं काय. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, या मुद्द्यावर जराही हटायला तयार नव्हते आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच होतं.

५८५ पानांचा करार नोव्हेंबर २०१८ मध्ये तयार झाला आणि दुसऱ्याच दिवशी खुद्द ब्रेक्झिट मंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला. ११ डिसेंबरचं मतदान मे यांनी आदल्या दिवशी पुढे ढकललं, कारण हरणार हे दिसतच होतं. शेवटी १५ जानेवारी २०१९ ला मतदान झालं. हाऊस ऑफ कॉमन्स या खालच्या सभागृहात बटण दाबून मत देता येत नाही, घंटा वाजते, आठ मिनिटांनी दारं बंद होतात आणि खासदारांनी होकाराच्या किंवा नकाराच्या लॉबीतून स्वतः चालत जायचं, तेव्हा तिथे कारकून नावं टिपायचे आणि दाराशी डोकी मोजली जायची. मजूर पक्षाच्या खासदार ट्युलिप सिद्दीक त्या दिवशी ठरलेलं सिझेरियन पुढे ढकलून व्हीलचेअरवर मतदानाला आल्या होत्या, आणि ते बघून लोक भडकल्यावर बाळंतपणाच्या रजेवरच्या खासदारांसाठी प्रॉक्सी मताची, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याची, सोय त्याच महिन्यात झाली. निकाल लागला तो २०२ विरुद्ध ४३२. एवढा मोठा पराभव त्या सभागृहात कुठल्याच सरकारचा झाला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा तेच सरकार ३२५ विरुद्ध ३०६ ने वाचलं! म्हणजे हा करार नको, पण हे सरकारही पडायला नको. लोकांचं डोकं उठायला इथून खरी सुरुवात झाली.

१२ मार्चला करार पुन्हा पडला, १४९ मतांनी. १३ मार्चला सभागृहाने करार न करता बाहेर पडणंही नको म्हणून सांगितलं, १४ मार्चला मुदतवाढ मागायला सांगितलं. १८ मार्चला स्पीकर जॉन बर्को यांनी १६०४ पासूनच्या परिपाठाचा दाखला देऊन तोच प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणता येणार नाही असं बजावलं. २७ मार्चला खासदारांनी कामकाज स्वतःच्या हातात घेतलं आणि वेगवेगळे आठ पर्याय कागदी मतपत्रिकांवर मतदानाला टाकले, आठही पडले. १ एप्रिलला चार पर्याय, चारही पडले, त्यातला कस्टम्स युनियनचा तर फक्त तीन मतांनी, २७३ विरुद्ध २७६. एक ना धड भाराभर चिंध्या. मधला मार्ग मांडणारे निक बोल्स यांनी तर निकालानंतर तिथल्या तिथे आपला हुजूर पक्ष सोडला आणि सभागृहातून निघून गेले.

असं का झालं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कट्टर ब्रेक्झिटवाल्यांना खात्री होती की सगळं अडवून धरलं तर मुदत संपून आपोआप करार न करता सुटका होईल. दुसरं सार्वमत हवं असणाऱ्यांना खात्री होती की सगळं अडवून धरलं तर शेवटी लोकांकडेच परत जावं लागेल. मजूर पक्षाला वाटायचं सरकार पडेल. थोडं थांबलं तर आपलंच होईल असं प्रत्येकाला वाटत होतं, म्हणून तडजोडीला मत द्यायला कुणी धजेना. मे यांनीही विरोधकांशी बोलणी सुरू केली ती एप्रिल २०१९ मध्ये, सार्वमताला पावणेतीन वर्षं झाल्यावर. हेच त्यांनी २०१६ मध्ये केलं असतं तर कदाचित देशाचा एवढा छळ झाला नसता असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकांचा राग दोन्हीकडून होता आणि तो एकाच इमारतीवर निघत होता. कलम ५० रद्द करा म्हणणाऱ्या ऑनलाइन अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या, पार्लमेंटची ती वेबसाइट मध्येच बंद पडली. २३ मार्चला दुसऱ्या सार्वमतासाठी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आयोजक दहा लाख म्हणत होते. त्याच्या आधीच, १६ मार्चला, उत्तरेकडच्या संडरलंडहून ब्रेक्झिटवाल्यांचा पायी मोर्चा निघाला होता आणि २९ मार्चला तो पार्लमेंटसमोर पोचला. तो दिवस खरं तर बाहेर पडण्याचा होता, पण त्याच दुपारी करार तिसऱ्यांदा पडला, २८६ विरुद्ध ३४४, आणि बाहेर युनियन जॅक घेऊन उभे असलेले लोक आपला विश्वासघात झाला म्हणून संतापले. मधल्या काळात, २० मार्चच्या रात्री, मे यांनी टीव्हीवरून जनतेला सांगितलं की तुम्ही या सगळ्याला कंटाळला आहात आणि मी तुमच्या बाजूने आहे. सगळा दोष त्यांनी खासदारांवर ढकलला. २०१६ मध्ये सार्वमताच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदाराचा खून झाला होता, अनेक खासदारांना रोज धमक्या येत होत्या, अशा वेळी पंतप्रधानांनी लोकांना खासदारांविरुद्ध उभं करणं ही अत्यंत बेजबाबदार गोष्ट होती.

पण रस्त्यावर उतरणाऱ्यांपेक्षा नुसते कंटाळलेले लोक कितीतरी जास्त होते. राहायचं म्हणून मत दिलेले लोकसुद्धा आता एकदाचं काय ते करा म्हणायला लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्काय न्यूजने संध्याकाळी पाच ते दहा ब्रेक्झिटचं नावही न काढणारं वेगळं चॅनलच सुरू केलं. पार्लमेंटचा अभ्यास करणाऱ्या हॅन्सर्ड सोसायटीच्या २०१९ च्या पाहणीत ५४ टक्के लोकांनी नियम मोडायला तयार असलेला खंबीर नेता हवा असं म्हटलं, ७२ टक्के लोकांना राज्यकारभाराच्या पद्धतीत बरीच किंवा खूपच सुधारणा हवी होती. पार्लमेंटची जननी म्हणवणाऱ्या देशात अर्ध्याहून जास्त लोक असं बोलतात हे वाचून मला तरी भीती वाटली.

या अनिश्चिततेची झळ आपल्याही माणसांना लागली. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपियन म्हणून ब्रिटनमध्ये गेलेले हजारो गोवेकर स्विंडन आणि साउथॉलमध्ये राहतात, आणि स्विंडनने तर ब्रेक्झिटच्या बाजूने कौल दिलेला. त्यांच्यासारख्यांना ब्रेक्झिटनंतरही तिथे राहता यावं म्हणून काढलेली सेटलमेंट स्कीम मार्च २०१९ च्या शेवटी पूर्ण सुरू झाली, पण करार होणार का, झाला तर कधीपर्यंत येणाऱ्यांना तो लागू, मागे राहिलेल्या बायकोमुलांना बोलवायची शेवटची तारीख कुठली, हे सगळं त्या पार्लमेंटमधल्या भांडणावर लटकलेलं. टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरने २९ मार्चनंतर गोंधळ होईल म्हणून एप्रिलमध्ये एक आठवडा जास्तीचं शटडाऊन ठरवलं, ते तसंच पार पडलं आणि मुदत मात्र आधी १२ एप्रिल आणि मग थेट ३१ ऑक्टोबर झाली.

मतपेटीतून राग निघायला वेळ लागला नाही. २ मेच्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाचे १३०० हून जास्त नगरसेवक घरी गेले. २३ मेला युरोपियन पार्लमेंटची निवडणूक घ्यावी लागली, जी मुळात व्हायलाच नको होती, आणि नायजेल फराज यांच्या काही महिन्यांच्या ब्रेक्झिट पार्टीने २९ जागा नेल्या, सत्ताधाऱ्यांना चार. मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, निकाल लागायच्याही आधी, मे यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २४ जुलैला बोरिस जॉन्सन आले.

जॉन्सन यांनी पार्लमेंट पाच आठवडे बंदच ठेवायचा घाट घातला, तो सुप्रीम कोर्टाने २४ सप्टेंबरला अकराच्या अकरा न्यायाधीशांच्या एकमताने बेकायदा ठरवला. विरोधात मत दिलं म्हणून त्यांनी आपलेच २१ खासदार पक्षातून काढले. १० ऑक्टोबरला ते लिव्हरपूलजवळ वराडकरांना भेटले आणि तिथे वाट निघाली, बॅकस्टॉप गेला आणि तपासणी आयरिश समुद्रावर, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकीच्या ब्रिटनच्या मध्ये, ढकलली. डीयूपीला ज्याची भीती होती नेमकं तेच. १९ ऑक्टोबरला, शनिवारी, पार्लमेंट भरलं, फॉकलंड युद्धानंतर पहिल्यांदाच, आणि त्या दिवशीही निर्णय पुढेच गेला. ३१ ऑक्टोबरची तारीख घालून पाडलेली सुमारे दहा लाख ५० पेन्सची नाणी वितळवावी लागली.

सरकारकडे बहुमत नाही आणि २०११ च्या फिक्स्ड टर्म पार्लमेंट्स अॅक्टमुळे दोनतृतीयांश मतांशिवाय निवडणूकही लावता येत नाही, असा हा दुहेरी फास होता. जॉन्सन यांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा हरले, शेवटी २९ ऑक्टोबरला साध्या बहुमताचं वेगळंच विधेयक सभागृहात मंजूर करून १२ डिसेंबरची तारीख काढली. ब्रेक्झिट एकदाचं उरकून टाकू एवढ्या एका वाक्यावर त्यांनी ती निवडणूक लढवली, ३६५ जागा आणि ८० चं बहुमत मिळवलं, पिढ्यानपिढ्या मजूर पक्षाला मत देणारी उत्तर इंग्लंडमधली गावंही त्यांच्याकडे वळली. करार काय आहे, आयरिश समुद्रातल्या तपासणीचं काय होणार, यावर त्या प्रचारात फारशी चर्चा झालीच नाही, थकलेल्या लोकांना ती नको होती. ३१ जानेवारी २०२० ला रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडला. उत्तर आयर्लंडचा प्रश्न मात्र तसाच राहिला आणि त्यावर २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क नावाचा आणखी एक करार करावा लागला. फिक्स्ड टर्मचा कायदा २०२२ मध्ये रद्द झाला आणि निवडणूक कधी लावायची हे पुन्हा पंतप्रधानांच्या हातात गेलं.