सरासरीआड दडलेली मनं

‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, आनंद होत नाही, असं किती वेळा झालं?’ उत्तराचे चार पर्याय: कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. झोप, भूक, थकवा, एकाग्रता, मरणाचे विचार असं विचारत एकूण नऊ प्रश्न, आणि बेरीज जास्तीत जास्त २७. या प्रश्नावलीचं नाव पीएचक्यू-९. बेरीज १० किंवा त्यापुढे गेली की नैराश्याची शक्यता धरून नीट तपासणी करायची, असा साधारण संकेत आहे.

कोविडच्या काळात मनांचं मोजमाप बरंचसं अशाच प्रश्नावल्यांनी झालं. त्यांची एक अडचण आहे. घरात आजारी माणूस आहे, उद्या पगार होईल की नाही ठाऊक नाही, म्हणून झोप उडाली. तर तो आजार म्हणायचा की साहजिक काळजी? कागदाला दोन्ही सारखेच.

ही अडचण लक्षात ठेवून आकडे पाहू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली एक मोठा अभ्यास आला. महासाथीमुळे २०२० मध्ये जगात नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३० लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६० लाख रुग्ण वाढले, असा त्याचा अंदाज. वाढ स्त्रियांमध्ये आणि तरुणांमध्ये जास्त. पण हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. अनेक देशांत पाहण्या झालेल्याच नव्हत्या. तिथे संसर्गाचा वेग आणि लोकांची ये-जा किती घटली यावरून गणित मांडलं गेलं.

पुढे २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात १३७ अभ्यासांचा आढावा आला. साथीआधीचे आणि साथीतले गुण ताडून पाहिले, तर सर्वसाधारण लोकांत फरक अगदी थोडा निघाला! यातले बरेचसे अभ्यास सधन देशांतले होते, आणि स्त्रियांची स्थिती इथेही थोडी खालावलेलीच दिसली.

मग खरं कुणाचं? माझ्या मते भांडण निम्मं वेळेचं आहे आणि निम्मं सरासरीचं. इंग्लंडमधल्या ३६ हजारांहून अधिक प्रौढांचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सातत्याने माग ठेवला. चिंता आणि नैराश्य लॉकडाऊनच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त होतं, पुढच्या २० आठवड्यांत ते उतरत गेलं. म्हणजे मोजपट्टी कुठल्या महिन्यात लावली यावर उत्तर बदलतं. सरासरीचं म्हणाल तर रोजची धावपळ थांबल्याने एकाचे गुण तीनने उतरले आणि काम गेल्याने दुसऱ्याचे तीनने चढले, तर सरासरी जागची हलत नाही. दुसऱ्याचं दुःख मात्र पुरेपूर खरं असतं.

क्वारंटाइन मनाला कशामुळे बोचतं, याचं उत्तर २०२०च्या फेब्रुवारीतच हाताशी होतं. सार्स, इबोला वगैरे साथींवरच्या २४ अभ्यासांचा तो आढावा. लांबलेली मुदत, अपुरी आणि उलटसुलट माहिती, संपत आलेलं सामान, बुडालेली कमाई, सुटल्यावरही लोकांनी टाळणं, ही त्यातली कारणं. यातल्या बहुतेकांवरचा इलाज मानसोपचारतज्ज्ञाकडे नाहीच. तो प्रशासनाच्या हातात आहे.

आणि तज्ज्ञ तरी कुठे मिळत होते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मध्यावर १३० देशांना विचारलं, तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या सेवा कमी-अधिक विस्कळीत झाल्या होत्या. फोन आणि व्हिडिओवरचे उपचार त्या खिंडारातून आत आले.

त्यातला अमेरिकेतल्या टेक्सासचा प्रयोग मला फार आवडतो. घरपोच जेवण मिळणाऱ्या, बहुतेक वयस्कर अशा २४० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला १७ ते २३ वर्षांची १६ मुलं-मुली फोन करत. ही काही मानसशास्त्रज्ञ नव्हती. समोरच्याचं मनापासून कसं ऐकावं, एवढंच थोडक्यात शिकवलेलं. पहिला आठवडा पाच दिवस फोन, मग किती वेळा यावा हे ज्याचं त्याने ठरवायचं. विषयही त्याचाच. फोन करणाऱ्याने त्याला धरून प्रश्न विचारत राहायचं. चार आठवड्यांनी मोजलं, तेव्हा फोन न आलेल्या गटाच्या तुलनेत त्यांचा एकटेपणा, नैराश्य आणि चिंता कमी झालेली होती. नैराश्य मोजायला प्रश्नावली वापरली होती ती पीएचक्यूच्याच घराण्यातली.