स्वतःला खाणारी पेशी आणि स्वतःला संपवणारी पेशी

लातुरात नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवताना दोन शब्द दरवर्षी हमखास एकमेकांत गुंततात, ऑटोफॅजी (पेशीनं स्वतःचेच तुकडे पचवणं) आणि अपॉप्टोसिस (पेशीनं ठरवून मरणं). पोरांचा गोंधळ झाला तर नुकसान ठरलेलं असतं. चार मार्क जातात आणि वर एक उणे. गेल्या वर्षी मात्र एका विद्यार्थ्याचे काका क्लासबाहेर थांबले होते. त्यांनी मोबाइल पुढं केला. "सर, हे बगा. जपानच्या माणसाला नोबेल भेटलंय म्हणं. उपास धरला की कॅन्सरच्या पेशी सोतालाच खाऊन मरतेत. खरंय का हो?"

काकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होता, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा सावकाश वाढणारा प्रकार. रोज इमॅटिनिबची गोळी चालू होती. फॉरवर्ड वाचल्यापासून सोमवार, गुरुवार आणि एकादशी धरलेली, तीही निर्जळी. आमच्याकडं एकादशी म्हणजे 'दुप्पट खाशी'. तशी धरली असती तर मला एवढी काळजी वाटली नसती.

त्या मेसेजमधलं अर्धं वाक्य खरं होतं, म्हणूनच तो धोकादायक होता. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ऑटोफॅजीसाठीच मिळालं. त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या. पेशीतल्या पचनाच्या पोकळीतली प्रथिनं पचवणारी विकरंच नसलेलं वाण त्यासाठी निवडलं. म्हणजे आत जे येईल ते पचणार नाही, साचत जाईल आणि दिसेल. काही तासांतच ती पोकळी बारीक गोल थेंबांनी भरली. सूक्ष्मदर्शकाखाली ते थेंब तुरुतुरु हलताना दिसत होते. प्रत्येक थेंब म्हणजे पेशीनं स्वतःच्याच अंगातून तोडून आणलेला तुकडा. पण हे सगळं ती पेशी मरायला नव्हे, उपासमारीत तगून राहायला करत होती. ज्या यीस्टला हे जमत नाही, ते उपाशी ठेवल्यावर लवकर मरतं.

या घोळात शाळेचाही हात आहे. लयकारिका, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्या, या 'आत्मघाती पिशव्या' असतात हे आपण लहानपणी पाठ करतो. पुढं ऑटोफॅजीतला माल याच पिशव्यांत पचतो असं वाचलं की डोकं आपोआप आत्महत्येकडं वळतं. पेशीचं ठरवून मरणं ही वेगळीच गोष्ट आहे. तिचं नाव अपॉप्टोसिस, आणि ते नाव १९७२ साली अॅबर्डीनच्या केर, वायली आणि करी यांनी एका शोधनिबंधात दिलं.

मराठवाड्यात १९७२ म्हटलं की दुष्काळाशिवाय दुसरं काही आठवत नाही. आजी सांगायची, त्या साली आधी अडगळीतलं मोडकं औत जळणाला गेलं. मग गोठ्याच्या छपराचं गवत उतरवून बैलांपुढं टाकलं. घराच्या तुळईला मात्र कुणी हात लावला नाही. सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस निघाले, घर उभं राहिलं. ऑटोफॅजी ही अशी असते. पेशी दुहेरी पडद्याची पिशवी विणते आणि तीत जुनी मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाघरं), बिघडलेली प्रथिनं गोळा करते. ती पिशवी लयकारिकेला जोडली जाते, आतलं आम्लात विरघळतं आणि निघालेल्या अमिनो आम्लांतून पेशी नवं काही बांधते. उपासमारीतच नव्हे, रोजच्या झाडलोटीलाही हीच व्यवस्था राबते.

अपॉप्टोसिस म्हणजे पानगळ. शब्दाचा ग्रीक अर्थच तो आहे. लिंबाचं पान वाऱ्यानं तुटत नाही. देठाशी झाड आधी एक थर तयार करतं आणि मग पान सोडतं. पेशीचंही तसंच होतं. कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात, आतला सांगाडा कातरतात, केंद्रकातल्या डीएनएचे तुकडे होतात. पेशी आक्रसते आणि छोट्या पुडक्यांत वाटली जाते. भक्षक पेशी ती पुडकी गिळून टाकतात. सूज नाही, आरडाओरडा नाही, शेजारणीला पत्ताही लागत नाही. आपल्या रक्तातल्या कोट्यवधी पांढऱ्या पेशी रोज अशाच जातात.

सूक्ष्मदर्शकाखालीही चकवा बसतो. मरणाऱ्या पेशींत ऑटोफॅजीच्या पिशव्या पुष्कळ दिसायच्या, म्हणून या पिशव्यांनीच पेशीला मारलं असा समज बरीच वर्षं होता. पण मेलेल्याच्या खिशात औषधाची गोळी सापडली म्हणून गोळीनंच मेला असं कसं म्हणणार? बहुतेक वेळा ती पेशी शेवटपर्यंत जगायची खटपट करत असते.

ल्युकेमियात अपॉप्टोसिसची बाजू कळायला सोपी आहे. ज्या पेशीनं मरायला हवं ती मरत नाही. बीसीएल-टू नावाचं प्रथिन मरणाची कळ दाबू देत नाही आणि अनेक ल्युकेमियांत ते भरमसाट असतं. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं त्याच प्रथिनाला पकडतं. अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी २०१६ साली क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी मिळाली.

ऑटोफॅजीचं तसं नाही. ती कोणाच्या बाजूनं आहे हे वेळेवर आणि आजाराच्या प्रकारावर ठरतं. आजार होण्याआधी ती राखणदार असते. रक्ताच्या मूळपेशींत, म्हणजे ज्यांतून रक्तातल्या बाकी पेशी बनतात त्यांत, एटीजी-सेव्हन हा जनुक काढून टाकलेल्या उंदरांत ऑटोफॅजी थांबते, खराब मायटोकाँड्रिया साचतात, चांगल्या मूळपेशी घटतात आणि पांढऱ्या पेशींच्या एका वंशाची बेसुमार वाढ सुरू होते. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात तर ती औषधाच्या मदतीला येते. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होतं आणि तेच रोगाचं मूळ असतं. आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि रेटिनॉइक आम्ल या औषधांनी ते प्रथिन मोडलं जातं, आणि त्या मोडतोडीत ऑटोफॅजीचाही हातभार असतो.

काकांच्या आजारात मात्र चित्र उलटं होतं. ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन फिलाडेल्फिया गुणसूत्र तयार होतं. त्यातून निघणारं प्रथिन पेशीला सतत 'वाढ, वाढ' म्हणत राहतं आणि इमॅटिनिब त्याचं तोंड बंद करतं. अचानक रसद तुटलेली ल्युकेमियाची पेशी मग काय करते? बहात्तरच्या सालातलंच. छपराचं गवत उतरवते. प्रयोगशाळेत दिसलं की इमॅटिनिबसोबत ऑटोफॅजीही रोखली, तर चिवट मूळपेशीसुद्धा जास्त मरतात. म्हणून ब्रिटनमध्ये इमॅटिनिबच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन रुग्णांवर चाचणी झाली. करोनात गाजलेलं हेच ते मलेरियाचं औषध. ते लयकारिकेतलं आम्ल कमी करतं आणि पचन अडतं. मात्र रुग्णांमध्ये ठाम म्हणावा असा फायदा काही सिद्ध झाला नाही.

म्हणजे फॉरवर्ड सांगत होता ऑटोफॅजी वाढवा, आणि संशोधक याच आजारात ती अडवायच्या मागे होते. मी काकांना एवढंच म्हटलं, "काका, त्या पेशीला उपास सोसतो. ती त्यातच मुरलेली आहे."

इथं आणखी एक खाचखळगा आहे, तो पोरांसाठी. एखाद्या चित्रात ऑटोफॅजीच्या पिशव्या जास्त दिसल्या म्हणजे ऑटोफॅजी वाढली असं धरू नका. साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची मैलभर रांग दिसली तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर ऊस भरपूर येतोय, नाहीतर गव्हाण बंद पडलीय आणि गाळप ठप्प आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यावर दिसते ती दुसऱ्या प्रकारची रांग. म्हणून अभ्यासक गाड्या मोजून थांबत नाहीत, ठरावीक वेळात किती ऊस गाळला गेला ते पाहतात. हे उदाहरण दिल्यावर मागच्या बाकावरचा, वडील ऊसतोडीला जाणारा एक पोरगा म्हणाला, "सर, रांग लांबली की आमच्या बापाचा दिवस फुकट जातो." त्याला परत समजवावं लागलं नाही.

काकांना मी त्यांच्या डॉक्टरांकडंच पाठवलं. तिथं त्यांना जे सांगितलं गेलं ते गोळीच्या माहितीपत्रकातही छापलेलं असतं. इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची असते, नाहीतर पोटाला त्रास होतो. निर्जळीच्या दिवशी काका ती कोरडीच गिळत होते आणि होणाऱ्या मळमळीला 'शुद्धी' म्हणत होते. आता सोमवार-गुरुवार सुटलेत. आषाढीचं तेवढं त्यांनी अडून विचारून घेतलं, आणि भगर, दाण्याची आमटी पोटभर खाऊन वर गोळी घ्यायची, यावर काकांचं आणि डॉक्टरांचं जमलं.