ट्रॅव्हल बगच्या बदल्यात काही ठेवावं लागत नाही
जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवरून लपवलेला डबा शोधण्याचा खेळ. ट्रॅव्हल बग ही त्यात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरणारी वस्तू. तिच्याबद्दल नवख्याला हमखास ऐकवतात, ‘ट्रॅव्हल बग उचललास? मग दुसरा ठेव.’ असा नियम नाही. ‘काही घ्या, काही ठेवा’ ही रीत डब्यातल्या कीचेन-खेळण्यांची. डेव्ह अल्मरने ३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये या खेळातला पहिला डबा म्हणून एक बादली लपवली, तेव्हापासूनची. ट्रॅव्हल बग म्हणजे क्रमांक कोरलेली, सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यासारखी पट्टी. (तिच्यात जीपीएस नसतं, बरं का!) ती मूळ मालकाचीच राहते, आपण फक्त हमाल. रिकाम्या हाताने आलात तरी खुशाल न्या, पण मालकाला हवी त्या दिशेने. खेळाच्या संकेतस्थळावर नोंद लगेच करा, क्रमांक मात्र चारचौघांत दाखवू नका. दोनेक आठवड्यांत पुढे सरकवणं जमत नसेल, तर मालकाला कळवा.