तोंडाला फोड आले, पण मावा की पीपीआर?

मुरबाड-शहापूरकडच्या वाड्यांवर शेळीच्या तोंडाला फोड दिसले की ‘मावा असेल, हळद-तेल लाव’ असं म्हणून माणूस कामाला लागतो. बहुतेक वेळा मावाच, म्हणजे तोंडावर खपल्या धरणारा विषाणूचा आजार, निघतो, त्यामुळे सवय मोडत नाही. पण फोड पीपीआरचे, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचे असले, तर वाट पाहण्यात गेलेले चार दिवस कळपाला फार महागात पडतात.

म्हणून शेळीचं तोंड उघडून बघा. माव्याचं दुखणं बाहेर दिसतं: ओठांच्या कडांना नि नाकपुड्यांना जाड खपल्या धरतात. करडू भुकेलं असतं, पण तोंड दुखतं म्हणून पीत नाही. पीपीआरमध्ये हिरड्यांवर, जिभेवर, गालाच्या आतून कोंडा चिकटल्यासारखा पांढरट थर येतो आणि तोंडाला घाण वास मारतो. सोबत १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप, डोळ्यांना चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला आणि मग पातळ हगवण. लस नसलेल्या कळपात निम्म्याहून अधिक जनावरं दगावू शकतात. जुनी माणसं गुरांच्या ज्या बुळकांडीला घाबरायची, तिच्याच विषाणूच्या कुळातला हा रोग. बुळकांडी २०११ साली जगातून गेली. पीपीआर मात्र १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला तो अजून देशात आहे.

एक फसगत लक्षात ठेवा. पीपीआरमधून सावरणाऱ्या शेळीच्या ओठांवरही कधी खपल्या धरतात, आणि दोन्ही रोग एकदम होऊ शकतात. नुसत्या खपल्या बघून निश्चिंत होऊ नका.

पसरण्याची रीत मात्र अगदी वेगळी. पीपीआर शिंका, खोकला, शेंबूड, लेंड्यांतून जवळच्या जनावराला लागतो. उन्हात त्याचा विषाणू फार टिकत नाही. तो गोठ्यात येतो तो बाजारातून आणलेल्या जनावराबरोबर. बकरी ईदच्या आधी ठिकठिकाणचे बोकड एकत्र येतात, तेव्हा धोका वाढतो. नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. माव्याचा विषाणू उलट चिवट: गळून पडलेल्या खपल्यांत, कोरड्या जागी महिनोन्‌महिने जगतो आणि काट्याकुट्यांनी ओरखडलेल्या ओठांतून शिरतो. पिणाऱ्या करडाकडून आईच्या सडांवर जातो. माणसालाही लागतो, म्हणून औषध लावताना हातमोजे घालाच. पीपीआर माणसाला होत नाही.

मावा साधारण महिन्याभरात बरा होतो. करडांना बाटलीने दूध पाजून जगवावं लागतं. पीपीआरवर थेट औषध नाही, पण करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर टोचलेली लस निदान तीन वर्षं राखते.

ताप आणि हगवण एकत्र दिसली, तर आजारी शेळ्या वेगळ्या करा आणि १९६२ या जनावरांच्या उपचारासाठीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. तोट्याच्या भीतीने आजारी बोकड घाईने बाजारात नेऊ नका. तो ज्याच्या गोठ्यात जाईल, त्याच्याही पोराबाळांचं पोट त्याच कळपावर आहे.