ब्रिटनचा आयएलआर : चारची पाच, पाचची दहा वर्षे

ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षे काढली की आयएलआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. या हिशोबावर अनेकांनी तिथे घरे घेतली, मुलांच्या शाळा ठरवल्या. मे २०२५ मधल्या सरकारी धोरणपत्रिकेने ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षे करायचे सुचवले. नोव्हेंबरमधल्या सविस्तर प्रस्तावात पदवीच्या पातळीखालच्या कामांसाठी ती १५ वर्षांवर गेली. आयएलआर अजून हातात न पडलेल्या, पण तिथे आधीच राहत असलेल्या लोकांनाही नवी मुदत लावायचा मानस त्यात आहे. खरा वाद या शेवटच्या मुद्द्यावर पेटला आहे, आणि तो जवळपास २० वर्षे जुना आहे.

त्याआधीचा इतिहास इथे फारसा उपयोगी नाही. १९७१ च्या स्थलांतर कायद्यातली एक तरतूद मात्र लक्षात ठेवायला हवी. मुदती, पगाराच्या अटी, गुणांची कोष्टके यांतले काहीच मूळ कायद्यात नसते, ते नियमांत असते. हे नियम मंत्री संसदेपुढे ठेवतो, संसदेने ४० दिवसांत नापसंती दाखवली नाही तर विषय संपला. त्यामुळे ब्रिटनचे स्थलांतराचे नियम एकाच वर्षात अनेकदा बदलतात.

जानेवारी २००२ मध्ये उच्च कौशल्याच्या लोकांसाठी एचएसएमपी ही योजना सुरू झाली. तिच्यात मालकाच्या परवान्याची गरज नव्हती. शिक्षण, अनुभव आणि कमाईचे गुण जमले की जावे आणि हवे ते काम शोधावे. बदल्यात ब्रिटनलाच आपले मुख्य घर करण्याची तयारी असल्याचे लिहून द्यावे लागे. लोकांनी भारतातल्या नोकऱ्या सोडल्या, काहींनी घरे विकली. सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले होते की योजनेत पुढे बदल झाले तरी आधी आलेल्यांना त्यांची झळ लागणार नाही, चार वर्षांनी ते कायम वास्तव्याचा अर्ज करू शकतील.

एप्रिल २००६ मध्ये चारची पाच वर्षे झाली, आत असलेल्यांनाही. नोव्हेंबरमध्ये तर योजनाच काही आठवडे थांबवून नवे गुणकोष्टक आणले. आधी मुदतवाढ मागताना आपण कमावते आहोत, किंवा तसा प्रयत्न केला आहे, इतके दाखवले की भागत असे. आता वय, पदवी आणि आदल्या वर्षीचा पगार यांचे गुण पुन्हा मोजायचे ठरले. चाळिशीतला अनुभवी माणूस वयाच्या रकान्यात शून्यावर आला. एकदा पास झालेल्याला वेगळ्या अभ्यासक्रमावर पुन्हा परीक्षेला बसवण्यातला हा प्रकार होता. योजनेचा गैरवापर होतो आणि बरेच जण कमी कौशल्याची कामे करतात, हे सरकारचे म्हणणे. त्यात काही तथ्य असेलही, पण ते पुढच्या अर्जदारांना दार बंद करण्याचे कारण ठरू शकते. आत घेतलेल्यांना बाहेर काढायला ते पुरत नाही.

व्हिसाधारकांच्या संघटनेने दावा लावला. एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने मुदतवाढीचा बदल जुन्या लोकांना लावणे अन्याय्य ठरवले, आणि वर्षभराने पाच वर्षांची अट त्यांच्यापुरती रद्द केली. दोन्ही निकालांचा आधार मार्गदर्शिकेतले तेच आश्वासन होता. या योजनेतल्या परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी दुय्यम ठरवणारी सूचनाही २००८ मध्येच सर्वोच्च पातळीवर बेकायदा ठरली. तिची झळ लागलेल्यांत भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने होते.

पण मे २००९ मध्ये त्याच सर्वोच्च पातळीवरून दुसऱ्या एका डॉक्टरच्या प्रकरणात उलटा निकाल आला: अर्ज केला त्या दिवसाचे नियम लागू होत नाहीत, निर्णयाच्या दिवसाचे होतात. एचएसएमपीवाले जिंकले ते लेखी आश्वासन होते म्हणून, एरवी नियम कधीही बदलता येतो. विजयाच्या बातम्यांत हा दुसरा निकाल हरवून गेला.

नंतरचे बदल बहुतेकांना तोंडपाठ असतील. २००८ ला व्हिसांची टियरची, म्हणजे श्रेणींची, पद्धत आली. एचएसएमपीच्या जागी आलेले टियर १ जनरल दोन-तीन वर्षांत नव्या लोकांसाठी बंद झाले. पुण्याच्या आयटी कंपन्यांतून ऑनसाइट गेलेल्यांना एप्रिल २०१० चा बदल महागात पडला. त्यापुढे घेतलेल्या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावरची वर्षे आयएलआरच्या पाच वर्षांत धरायची बंद झाली, आणि पुष्कळांना ते तिथे पोचल्यावर कळले. कौशल्याधारित व्हिसाची पगाराची सर्वसाधारण पायरी एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर गेली. आधीपासून या व्हिसावर असलेल्यांना त्यात काही सवलती मिळाल्या, हे सरकारच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पाचाची दहा झाली तर सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरावा लागणारा नुसता आरोग्य अधिभारच पाहा: प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. दोन मुलांच्या कुटुंबाला जादा पाच वर्षांचे १८,११० पौंड होतात. व्हिसाची फी निराळी.

न्यायालयात जाण्याची भाषा आताही सुरू आहे, आणि २००८ चा दाखला सगळीकडे फिरतो आहे. पण आजच्या व्हिसाच्या सरकारी माहितीत पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येऊ शकेल, इतकेच लिहिलेले आहे. नियम बदलले तरी तुम्हाला फरक पडणार नाही, असे वाक्य तिच्यात नाही.