बसून चालवायचे हिरवळ-फवारणी यंत्र : देखभाल व सुरक्षितता

मोठ्या हिरवळीवर तणनाशक, बुरशीनाशक, कीटकनाशक किंवा द्रवखत फवारण्यासाठीचे, चालकाची बैठक असलेले चाकांचे यंत्र. टाकी, डायफ्रॅम पंप (आतल्या लवचीक पडद्याच्या, म्हणजे डायफ्रॅमच्या, हालचालीने द्रावण ढकलणारा), दाबनियंत्रक, गाळण्या आणि नोझल बसवलेली आडवी दांडी, म्हणजे बूम, हे त्याचे मुख्य भाग. गोव्यात त्याला काम मिळते ते किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांच्या बागांत, गोल्फ मैदानांवर आणि क्रीडांगणांवर. घरच्या अंगणाला पाठीवरचा पंप पुरतो.

यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिका बहुधा थंड देशांतल्या असतात आणि हिवाळ्यात पंपातले पाणी गोठू नये म्हणून बरीच पाने खर्च करतात. गोव्यात ती पाने कोरीच राहिली तरी चालतील. इथे यंत्राला खातो तो खारा वारा, आणि त्याच्या जोडीला टाकीतून सांडलेला युरिया व हिराकस (फेरस सल्फेट). म्हणून काम संपताच यंत्र बाहेरून गोड्या पाण्याने धुणे, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावणे आणि गंजू लागलेले क्लॅम्प वेळीच बदलणे ही इथली खरी देखभाल होय.

आतली धुलाईही तितकीच महत्त्वाची. टाकी एकदाच भरून ओतून देण्यापेक्षा थोडथोड्या पाण्याने तीनदा धुतली की औषधाचा अंश अधिक निघतो. दर वेळी ते पाणी बूममधून सोडावे, नाहीतर होसमध्ये, म्हणजे लवचीक नळीत, औषध तसेच राहते. २,४-डी या तणनाशकाचा होसमध्ये उरलेला अंश पुढच्या फेरीत जास्वंद करपवतो. वाऱ्यावर उडालेला तुषार वांग्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आगशीसारख्या गावात शेजाऱ्याच्या वांग्यांनाही सोडणार नाही. धुवण हिरवळीवरच फवारून संपवावे. जांभ्या दगडातून पाणी लवकर झिरपते, विहीर जवळ असते आणि ओहोळ शेवटी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, जातो, जिथे लोक मासे धरतात.

पंपातले तेल दुधाळ दिसले तर डायफ्रॅम फाटला असे समजावे. त्यानंतर यंत्र चालवू नये. नोझल झिजते, पण डोळ्यांना दिसत नाही. ते मापानेच कळते : नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून अधिक पाणी मिनिटाला येऊ लागले की बदलावे. नोझलमधून मिनिटाला ०.८ लिटर, वेग ताशी ५ किलोमीटर आणि नोझलांतील अंतर अर्धा मीटर असेल, तर हेक्टरी १९२ लिटर द्रावण पडते. हा वेग खरा आहे का, हे १०० मीटर अंतर ७२ सेकंदांत कापले जाते का यावरून तपासता येते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे किंवा तारेने कोरणे, या दोन्ही सवयी वाईट. जुना टूथब्रश पुरे.

अपघाताचे मोठे कारण उतार. २०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे २०० किलो वजन, आणि अर्धी टाकी तर वळताना हिंदकळून यंत्राला एका बाजूला खेचते. उतारावर आडवे चालवू नये. यंत्र उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट असेल तरच सीटबेल्ट लावावा, कारण चौकट नसताना बेल्ट माणसाला यंत्राखाली अडकवतो. जूनमधल्या ओल्या गवतावर ही काळजी दुप्पट. दुर्दैव असे की बुरशी वाढते तीही याच दिवसांत, आणि फवारणीला उघडीप मिळत नाही. एरवी सकाळ बरी, कारण दुपारी समुद्राकडून वारा वाढतो.

भारतात कीटकनाशकांवर १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू आहे. डब्यावरच्या चौकोनातला लाल रंग अतितीव्र विष दाखवतो, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. सर्वाधिक धोका द्रावण मिसळताना, कारण तेव्हा औषध घट्ट असते. रबरी हातमोजे, चष्मा, बूट हवेत. उकाडा आहे म्हणून हातमोजे काढण्याची सवय अनेकांना असते. विषबाधेची शंका आल्यास १०८ ला फोन करून डब्याचे लेबल रुग्णासोबत पाठवावे.

वापर बराच काळ थांबणार असेल तर टाकी व पंप रिकामे करतात, नोझल काढून ठेवतात, बॅटरी सोडवतात आणि यंत्रावर ताडपत्री सैल टाकतात. घट्ट बांधली तर आत ओल कोंडते.